मुलांच्या रांगेतला दुसरा क्रूस

११ मार्च, बुधवार

"नियम तुमचा, पोर माझं!" – एवढं बोलून ही स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. स्वयंपाकघराचं दार! सदतीस वर्षांच्या संसारात ते दार लागतं हेच मला माहीत नव्हतं. बिजागरी कुरकुरली. तीही माझ्यावरच.

झालं असं, की दफनभूमी समितीचा अध्यक्ष म्हणून आज मी नोटीस काढली. मुलांच्या रांगेतल्या पाचही कबरींना पंचवीस वर्षं उलटली. नियमाप्रमाणे त्या उघडायच्या, अस्थी छोट्या पेटीत घालून नव्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या, वर नावाची पाटी. जमीन नव्या माणसांसाठी मोकळी. त्या पाचांत एक आमचा. चार वर्षांचा होता. सव्वीस वर्षं झाली.

नियम मीच केला, एकोणीस वर्षांपूर्वी. आणि चांगला केला! जागा संपत आली होती, लोक एकमेकांच्या आजोबांवरून भांडत होते. आमच्याला तेव्हा सातच वर्षं झाली होती. म्हटलं, अजून अठरा आहेत, बघू. आली की अठरा!

१२ मार्च, गुरुवार

ही माझ्याशी बोलत नाही. भिंतीवरच्या घड्याळाशी बोलते. "जेवण वाढलंय, ज्याला यायचं त्याने यावं." घड्याळ आलं नाही, मी गेलो.

१५ मार्च, रविवार

चर्चमधल्या मिस्सेनंतर ही नेहमीप्रमाणे दफनभूमीत गेली. फाटकातून आत शिरलं की उजवीकडे भिंतीलगत मुलांची रांग, त्यातला दुसरा क्रूस. तिथे खाली बसते आणि त्याला आठवड्याची खबरबात सांगते. मी फाटकाशी उभा राहतो. मध्ये मध्ये करायचं नाही, असा आमचा अलिखित करार.

पण कान काही बंद करता येत नाहीत. या कानांवरच तर वर आलो. शाळा सातवीत सुटली, हातात पाना आला, आणि लवकरच कळलं की पंपाची बेअरिंग गेली की शाफ्ट, हे मला रस्त्यावरूनच ऐकू येतं. आज स्वतःचं वर्कशॉप आहे, अकरा माणसं आहेत, ती कानांची कमाई. तर आज ऐकू आलं ते असं – मांजरीला तीन पिल्लं झाली. पायऱ्या चढताना गुडघा दुखतो. "आणि तुझे बाबा तुला फायलीत घालणार आहेत."

फायलीत!

घरी आल्यावर राहवलं नाही. म्हटलं, अगं, तिथे आता काय उरलंय? माती. तर उसळलीच. "पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणून दर रविवारी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणता ते काय? उठणार ना तो? मग निजवलाय तिथूनच उठणार. चार वर्षांचं पोर झोपेतून उठलं की आधी काय करतं? आई कुठाय ते बघतं! म्हणून समोरची जागा माझ्यासाठी धरून ठेवलीय मी. आणि तुम्ही त्याला भिंतीत वर नेऊन ठेवणार. त्या दिवशी मला शिडी देणार का?"

म्हटलं, देव बघेल काय ते.

"मग तुम्ही कशाला बघताय?"

अध्यक्षांनी उठून मांजरीला दूध घातलं.

१८ मार्च, बुधवार

वर्कशॉपवर शिवणबाई आली. अंगावर काटाच आला. ही बाई कपडे शिवते, नवरा केव्हाच गेला, एकटी राहते. रांगेतला चौथा क्रूस तिच्या मुलीचा. दर शनिवारी साबण आणि ब्रश घेऊन जाते आणि तो घासून लख्ख करते – बाकीचे चार त्याच्यापुढे आजारी दिसतात. नियमाच्या वेळी सगळ्या सभेत एकटीचा हात खाली होता. वर म्हणाली होती, "अध्यक्षसाहेब, पंप दुरुस्त करून कंटाळलात म्हणून मेलेल्यांना हात घातलात का?" सभा हसली. मीही हसलो, पण ते आत कुठेतरी अडकून राहिलं.

आज पुन्हा तोच तमाशा नको म्हणून मिस्त्रीला खूण केली आणि तेलाच्या ड्रममागे उभा राहिलो. मिस्त्री म्हणाला, साहेब बाहेर गेलेत. शिवणबाई म्हणाली, "बरं. परत आले की सांगा, ड्रमखालून बूट दिसतायत." आणि गेली.

मिस्त्री दिवसभर माझ्याकडे पाठ करून काम करत होता. खांदे हलत होते मेल्याचे.

२२ मार्च, रविवार

फादरना गाठलं. तरणा माणूस, चांगला आहे, पण सतत घाईत. म्हटलं, जरा माझ्या घरी येऊन हिला समजावून सांगा. ते म्हणाले, "काका, पुनरुत्थान म्हणजे नुसती हाडं जुळणं नव्हे. ते शरीर नवं असेल, गौरवी असेल."

म्हटलं, फादर, हे मला पटतं. मी जुन्या सुट्या भागांवर धंदा करणारा माणूस, नवं मिळत असेल तर मला हवंच आहे. पण तिला नवं नकोय, तिला तेच हवंय. खोकला झालेलं, नाक वाहणारं.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "ईस्टरनंतर नक्की येतो. आणि काका, तो स्पीकर जरा बघाल? फार घुमतोय."

स्पीकर बघण्यासाठी मी. माझ्या घरातलं बघायला ईस्टरनंतर!

२४ मार्च, मंगळवार

समितीची बैठक. कोनाड्यांच्या भिंतीला फादर ईस्टरच्या दिवशी आशीर्वाद देणार. तोवर निदान एक तरी कोनाडा भरलेला हवा, रिकाम्या भिंतीला काय आशीर्वाद द्यायचा, असा एकाचा मुद्दा. सगळ्यांनी नजरा खाली घातल्या. म्हटलं, सुरुवात माझ्यापासून. नियम करणाऱ्याने आपलं ताट आधी पुढे करावं.

टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजण्यासारखं काय होतं त्यात?

घरी सांगितलं. हिने घड्याळालाही काही सांगितलं नाही.

२६ मार्च, गुरुवार

शिवणबाई पुन्हा येऊन गेली. या वेळी बूट काढून लपलो.

२८ मार्च, शनिवार

सकाळी कबर उघडली. मी आणि खोदणारा म्हातारा, दोघंच. ही आली नाही. "मी त्याला निजवलंय, मी उठवणार नाही," म्हणाली.

म्हाताऱ्याचा हात हलका आहे. शेवटची वीतभर माती तो फावडं बाजूला ठेवून हातानेच काढत होता. मी एका गोष्टीची वाट बघत होतो. कधी कुणाला सांगितलेलं नाही, आज इथे लिहितो. पोराला वर्कशॉपमधली एक छोटी बेअरिंग फार आवडायची. जमिनीवर घरंगळत सोडायचा आणि तिच्यामागे रांगत जायचा. पेटी बंद करायच्या आधी मी ती त्याच्या मुठीत ठेवली होती. ही तेव्हा तापाने पडलेली, तिला माहीत नाही. चांगलं पोलाद. सव्वीस वर्षांत गंजेल, पण जाणार नाही.

बेअरिंग नव्हती.

म्हातारा मातीतून एकेक काहीतरी उचलून तळहातावर ठेवत होता. बटणं. शिंपल्याची, पांढरी, मुगाच्या डाळीपेक्षा थोडी मोठी. सात. सातही एका ओळीत मिळाली, छातीवरून खाली. "मुलीचा फ्रॉक असणार साहेब," तो म्हणाला. "हाताने लावलेली बटणं आहेत, बघा. दोऱ्याचा पीळ अजून आहे एकात."

आमच्याला स्वेटर घातला होता. डोक्यातून घालायचा. बटण नव्हतं एकही.

मी म्हटलं, होतं तसं ठेव आणि झाकून टाक. त्याने काही विचारलं नाही. बटणं होती तिथे ठेवली, वर स्वतःचा पंचा अंथरला, मग माती लोटली.

घरी हिने विचारलं – घड्याळाला नाही, मला – "झालं?"

माती ओली आहे म्हणालो. पुढच्या आठवड्यात बघू म्हणालो. सदतीस वर्षांत बऱ्याच थापा मारल्या, पण इतकी कोरडी थाप पहिल्यांदाच.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये सगळे झावळ्या हलवून गात होते. मी ओठ हलवत होतो.

नंतर ही गेली आणि दुसऱ्या क्रूसापाशी बसली. ताजी माती हाताने थोपटून सारखी केली. पांघरूण नीट करावं तशी. मांजरीचं एक पिल्लू शेजारणीने नेलं, हे सांगितलं. मी फाटकाला धरून उभा होतो. कुणाला सांगते आहेस बाई! कुणाला सांगते आहेस!

दुपारी जुनं कपाट उपसलं. एकोणीस वर्षांपूर्वीचा कागद मिळाला, माझ्याच अक्षरातला. नियमाबरोबरच त्या वर्षी मी दफनभूमीही नीटनेटकी केली होती. भराव टाकला, झुडपं काढली, जमीन सपाट केली. दोन महिने आत कुणाला सोडलं नाही. मुलांचे क्रूस उपटून वर्कशॉपवर नेले, रंगवले, परत लावले. सगळं फुकट, आपल्या खर्चाने. सत्कारही झाला माझा!

कागदावर लिहिलंय – "मुलांची रांग, फाटकापासून क्रमाने." खाली पाच नावं. दुसरं आमचं. चौथं शिवणबाईच्या मुलीचं.

फाटकापासून.

पण त्याच दोन महिन्यांत मी जुनं फाटक बुजवून टाकलं होतं. रांगेच्या दुसऱ्या टोकाला नवं फाटक बसवलं होतं, रस्त्याच्या बाजूला, मोठं, गाडी आत जाईल असं. आणि क्रूस परत लावताना हातात हा कागद धरून मी नव्या फाटकापासून मोजत गेलो. एक, दोन, तीन, चार, पाच.

अख्खी रांग उलटी झाली. आणि कळणार कुणाला? आत शिरलं की दुसरा – पूर्वीही दुसरा, नंतरही दुसरा! पहिल्या आणि पाचव्याच्या घरचं आता इथे कुणी राहत नाही. तिसरा मधला, तो कुठूनही मोजा, तिथेच. उरलो आम्ही दोघं. आमचा पोरगा चौथ्या क्रूसाखाली आहे. आणि माझी बायको एकोणीस वर्षं, दर रविवारी, शिवणबाईच्या मुलीशी बोलते आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

३१ मार्च, मंगळवार

डोकं चालेना म्हणून वर्कशॉपवर पंप उघडत बसलो. तीन पंप. तिन्ही नीट होते. मिस्त्रीने हळूच परत बंद केले.

डोकं धंदेवाईक आहे, ते गप्प बसत नाही. म्हणतं – झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या दुसऱ्या कबरीतलं उचल, पेटीत घाल, वर आपल्या पोराची पाटी लाव. ही रडेल, मग निवेल. शिवणबाईचंही तसंच. कुणाचं काय जातं? खोदणारा तोंड उघडणार नाही. देवाला सगळं माहीत आहे, तो त्या दिवशी पाट्या बदलून घेईल.

हे लिहिताना माझंच मला ऐकू आलं. बेअरिंग गेल्यासारखं.

१ एप्रिल, बुधवार

खोदणाऱ्याकडे गेलो. म्हटलं, चौथी कबर उघड. मला फक्त एक वस्तू बघायची आहे, बघितली की बंद.

तो विडी पीत होता. म्हणाला, "शिवणबाईंना विचारलंत?"

म्हटलं, मी अध्यक्ष आहे.

"असाल. पण फावडं माझं आहे."

माझ्याच समितीने नेमलेला माणूस! परत फिरलो तर मागून म्हणाला, "साहेब, सव्वीस वर्षं निजलंय ना लेकरू? तुम्हालाच झोप येत नाही म्हणून त्याला कशाला उठवता?"

तोंडात मारल्यासारखा घरी आलो. ही काहीतरी विणत बसली होती. जेवलो. काय जेवलो आठवत नाही.

३ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

चर्च भरलेलं. शिवणबाई माझ्या पुढच्याच बाकावर. तिची मान, पांढरे केस, ब्लाउजची हाताने घातलेली बारीक शिवण. एक टाका मागेपुढे नाही. या बाईने एकोणीस वर्षं दर शनिवारी माझ्या पोराच्या उशाचा क्रूस घासलाय. पावसाच्या आधी शेवाळ काढलं, उन्हात पाणी घातलं. आणि मी तिच्यापासून ड्रममागे लपलो.

गुडघ्यांवर बसायची वेळ आली तेव्हा सगळ्यांबरोबर बसलो. उठायची वेळ आली तेव्हा उठता आलं नाही. शेजारच्याला वाटलं, गुडघा.

प्रार्थना एकच सुचली, तीही तक्रारच. म्हटलं, तुझ्या मुलाला ज्यांनी ठेवलं त्यांनी जागा बघून ठेवली, नवी कबर, वर दगड, बाहेर पहारा. सगळा बंदोबस्त. माझ्या पोराला मी हातातल्या कागदावरून हरवलं. आता तूच सांग, मी हिला काय सांगू?

वरचा स्पीकर नुसता घुमत होता.

४ एप्रिल, शनिवार

दुपारी स्पीकर दुरुस्त करायला गेलो. चर्च रिकामं, वेदीवरचं कापड काढलेलं. तार सैल होती, एवढंच. तपासायला काहीतरी बोलायला हवं म्हणून समोर उघडं पडलेलं ईस्टरच्या पहाटेचं वाचन मोठ्याने वाचायला लागलो. शंभर वेळा ऐकलेलं. प्रभूची शिष्या मरिया पहाटे त्याच्या कबरीपाशी जाते. जागा बरोबर असते, पत्ता बरोबर असतो, तो तिथे नसतो. ती रडते, विचारत सुटते, कुठे ठेवलंत त्याला? तो तिच्यासमोरच उभा असतो, आणि तिला वाटतं, माळी!

आणि मग तो तिला नावाने हाक मारतो. तेव्हा ओळखते.

माझाच आवाज मागच्या भिंतीवरून परत आला, स्वच्छ, जराही न घुमता. मी वाचायचा थांबलो. आयुष्य कानांवर काढलेला माणूस, आणि हे मला साठीत ऐकू यावं! तिने जागेवरून ओळखलं नाही. चेहऱ्यावरूनही नाही. हाकेवरून ओळखलं. म्हणजे त्या दिवशी कागद चालणार नाही, पाटी चालणार नाही, फाटकापासून कितवा हे कुणी विचारणार नाही. जो हाक मारेल त्याला नावं पाठ असतील.

माझी चूक त्याच्या हिशेबात अडथळा होत नाही. एवढं कळल्यावर जे हलकं वाटलं! आणि लगेच अवजारं गोळा केली. कारण आता न सांगायला काही निमित्त उरलं नव्हतं.

घरी आलो. हिला समोर बसवलं. सगळं सांगितलं. बेअरिंग, बटणं, फाटक, कागद. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

ही ऐकत होती. एकदा फक्त म्हणाली, "सात बटणं?"

हो म्हटलं.

उठली, पदर खोचला, चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"जिची मुलगी तिच्याकडे."

मीही येतो म्हटलं. "तुम्ही बसा," म्हणाली. "पुष्कळ केलंत."

तीन तास झाले. संध्याकाळचा प्रकाश भिंतीवरून खाली आला. अजून आली नाही. समितीला पत्र लिहून ठेवलंय – रांग उघडायची नाही, चूक माझी, अध्यक्षपद सोडतो. उद्या मिस्सेनंतर सगळ्यांसमोर वाचणार.

५ एप्रिल, ईस्टर

वाचलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.

आज फाटकाशी कानावर पडलं – क्रूस परत लावले त्या पहिल्याच आठवड्यात शिवणबाईला कळलं होतं! पूर्वी पिशवी अडकवायला मुलीच्या कबरीमागच्या भिंतीत तिने ठोकलेला खिळा तिला नव्या दुसऱ्या क्रूसामागे दिसला. सांगायला पुढे झाली, तर तिथे ही बसलेली, तिच्या मुलीशी बोलत. हिला म्हणाली, "माझ्या पोरीला आई मिळाली होती. तुला उठ कसं म्हणू? आणि तू इथे, मग तुझ्या पोराजवळ कुणी बसायचं?" म्हणून ती चौथ्यापाशी बसली. एकोणीस वर्षं. नोटीस निघाल्यावर हेच सांगायला दोनदा आली होती.

आज पहाटे दोघी तिथे गेल्या, आपापल्या नेहमीच्या जागी बसल्या. क्रूस हलवायचे का, विचारलं.

"काही नको," ही म्हणाली. माझ्याशी बोलली! "त्या दिवशी दोघं उठतील, तेव्हा जी जवळ असेल तिने आधी कडेवर घ्यायचं. ठरलंय आमचं."